चोरानं सोडलेली रेकॉर्ड

१

प्राध्यापक मधुसूदन वैजापूरकरांना ठार मारायला एक घाव पुरला असता. मारणाऱ्यानं पाच घातले होते.

गुरुवारी दुपारी तीनला मी समर्थनगरातल्या त्यांच्या घरी पोचले, तेव्हा खोलीतला पंखा अजून फिरत होता आणि त्याच्या एका पात्याला रक्त लागलेलं होतं. बाहत्तर वर्षांचे प्राध्यापक दिवाणाशेजारी कुशीवर पडले होते. डोक्याची एक बाजू आत दबलेली, उजव्या हाताची तीन बोटं मोडलेली. म्हणजे म्हाताऱ्यानं हातानं डोकं झाकायची धडपड केली होती. शेजारी काळ्या पाषाणाचा पाच किलोचा ठोकळा होता. खोलीच्या भिंतींना खालपासून वरपर्यंत ग्रामोफोनच्या रेकॉर्ड उभ्या लावलेल्या, आणि मधल्या फळीवरच्या कलंडू नयेत म्हणून तिच्या दोन टोकांना असे दोन ठोकळे असत. दुसरा जागेवर होता.

प्लेअरवर एक रेकॉर्ड तशीच राहिली होती. तिचं कव्हर खुर्चीत होतं. लाल रंगाचा जिना आणि पायरीवर अनवाणी बसलेला सॅक्सोफोनवाला. 'टिलमन टेक्स द स्टेअर्स'. जॅझ म्हणे, आणि तेही बॉप नावाचं, जोरात पळणारं. माझं संगीत वरातीच्या डीजेपाशी थांबतं, त्यामुळे मी कव्हर बाजूला ठेवलं. मला खटकलं ते वेगळंच. सुईची दांडी उचलून नीट तिच्या जागी ठेवलेली होती आणि तिच्यावर रक्तानं भरलेला अंगठा उमटला होता.

"तो अंगठा माझाच हाय, मॅडम," व्हरांड्यात बसलेला माणूस म्हणाला. त्याचा शर्ट गळ्यापासून पोटापर्यंत लाल झाला होता.

हा कृष्णा ठोंबरे, वय पस्तीस. दहा वर्षं वैजापूरकरांच्या रेकॉर्ड धुवायला येत होता. पण त्याचं खरं काम कानाचं होतं. मुंबई-बंगळुरूचे शौकीन जुनी रेकॉर्ड घेण्याआधी त्याच्याकडे पाठवत. तो ती ऐकून लिहून देई, की ओरखडा कुठं आहे, झीज किती आहे आणि खाचेच्या डाव्या भिंतीला आहे की उजव्या. यंत्राला सापडत नाही ते ह्याच्या कानाला सापडतं, असं सगळेच म्हणत. बायको आणि दोन मुली त्या दोन कानांवर जगत होत्या.

"एक वाजता गुलमंडीच्या बाजारात गेलतो, पेटीत भरायला कापूस आनायला. सव्वादोनला आलो तर सर पडलेले. उचलायला गेलो."

"आणि सुई?"

"रेकॉर्ड संपून सुई नुसतीच फिरत व्हती. हात आपसूक गेला. सरांनीच लावलेली सवय."

"माणूस मेलाय आणि ह्याला सुईची पडलीय," उपनिरीक्षक निशा जोगळेकर माझ्या कानात म्हणाली. निशा पुण्याची, नोकरीत नवी, टायपिंगला वाघ. स्वयंपाकाच्या दगडाबाईंचा जबाब तिनं तासाभरात टाइप करून माझ्या हातात ठेवला. दगडाबाई वीस वर्षं त्या घरात होत्या. जबाबात होतं, 'सकाळी साहेब लाखांच्या तबकड्या पुसून पेटीत भरत होते. नंतर कृष्णा मदतीला आला. बारा वाजता मी घरी गेले.'

ती पेटी दिवाणाखाली असे. आता तिथं धुळीत कोरलेला रिकामा चौकोन होता. पेटी गेल्याचं बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही, असं मी निशाला बजावलं.

लाखांच्या तबकड्या, नाहीशी झालेली पेटी आणि शर्टभर रक्त घेऊन बसलेला एकटा माणूस. मला वाटलं, आज घरी वेळेवर जेवायला जाईन.

२

संध्याकाळी मुलगी आली. स्वराली पुण्याला असते. तिचा नवरा शंतनू तिच्या आधीच पोचला होता, कारण त्या दिवशी तो कंपनीच्या कामाला शहराजवळच्या वाळूजमध्येच होता. हे त्यानं आपण होऊन सांगितलं. उंच, नीटनेटका, बोलायला गोड. बायकोला पाणी आणून दिलं आणि मलाही.

"मी सकाळी सव्वानऊला बाबांशी फोनवर बोललो," तो म्हणाला. "म्हणाले, आलाच आहेस तर दुपारी येऊन जा. मीटिंग लांबली. गेलो असतो तर कदाचित..."

वैजापूरकरांच्या मोबाइलवर तो फोन नोंदलेला होता. साडेतीन मिनिटं.

"रेकॉर्डबद्दल काही माहिती?"

"बाबांचं जग होतं ते," स्वराली म्हणाली. डोळे सुजलेले होते, तरी आवाजात जुना राग होता. "लहानपणी सुईचा आवाज आला की आम्ही श्वास घ्यायचा नाही. त्यातली एक कुठली तरी लाखात जाते, असं आई म्हणायची. कुठली ते मी कधी विचारलं नाही."

"मला तर त्यातलं ओ की ठो कळत नाही," शंतनू म्हणाला.

शुक्रवारी सकाळी मी कृष्णाला समोर बसवलं. इथं एक गोष्ट सांगायला हवी. मी पोलिस निरीक्षक प्रेरणा गाडेकर, मूळची कन्नड तालुक्यातली. नाशिकला प्रशिक्षणात मुली माझ्या बोलण्यावर इतक्या हसल्या की सहा महिन्यांत मी माझं 'व्हय' आणि 'नाय' पुरून टाकलं. आता माझी भाषा अशी घासूनपुसून झाली आहे की गावाकडची माणसं माझ्याशी बोलताना अवघडतात. मला त्याचा अभिमान होता. दुसरी गोष्ट, माझा हात पटकन सुटतो. त्याचाही अभिमान होता.

"पेटी कुठं आहे?"

"मला ठाव नाय, मॅडम."

"त्यातल्या तबकड्या लाखांच्या होत्या. हो की नाही?"

"व्हय, लाखंच्या व्हत्या." तो माझ्याकडे असं बघत होता की ह्यात विचारण्यासारखं काय आहे. "त्यांना कोन हात लावतंय? आन् त्या तर सरांनी मलाच दिलत्या. म्हनले, दहा वर्षं धुतल्यास, आता घरी घेऊन जा."

लाखांच्या वस्तू मालकानं धुणाऱ्याला फुकट दिल्या, असं तो माझ्या तोंडावर सांगत होता. माझं डोकं फिरलं. मी त्याच्या कानाखाली वाजवली. तो खुर्चीसकट आडवा झाला. कॉलरला धरून उठवला आणि दुसरी वाजवली, त्याच जागी, डाव्या कानावर. ती जास्त जोरात बसली. निशानं मान फिरवली. दाराशी उभा असलेला शिपाई पायांकडे बघत राहिला.

"आता बोल खरं," मी म्हणाले.

कृष्णानं कानाला हात लावला. बोटावर रक्ताचा पातळ ओघळ आला. तो त्यानं पाहिला आणि मग माझ्या ओठांकडे बघत विचारलं, "काय म्हनलात?"

३

कानाचा पडदा फाटला होता आणि घाव आतपर्यंत पोचला होता. घाटी रुग्णालयातले डॉक्टर म्हणाले, "डाव्या कानाची आशा धरू नका." त्यांनी 'कसं लागलं' असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता लिहायला लागले. कृष्णा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याची बायको दाराशी उभी होती. तिनं मला एकच विचारलं, "आता ह्येंना काम कोन देईल?" खुनी आहे, असं स्वतःला सांगत जिना उतरले.

मुद्देमालात ती प्लेअरवरची रेकॉर्ड होती. तिची किंमत लिहायला कुणीतरी जाणकार हवा होता. सगळ्यांनी एकच नाव सांगितलं, सर्जेराव. कन्नडकडे ऊस, इथं बीड बायपासला बंगला, आणि बंगल्यात फक्त गाणं ऐकायला बांधलेली वातानुकूलित खोली. पाच वर्षं हा माणूस वैजापूरकरांच्या एका रेकॉर्डमागे लागला होता, आणि बुधवारी त्यांच्या फाटकात उभा राहून त्यानं आरडाओरडाही केला होता. म्हणजे तोही संशयितच. पण गुरुवारी दिवसभर तो कन्नडला साखर कारखान्याच्या सभेत होता आणि तिथंही आरडाओरडाच करत होता, असं साठ जणांनी सांगितलं.

मी पिशवीतून रेकॉर्ड काढली. सर्जेरावांनी आधी हात सदऱ्याला पुसले.

"ही तुमच्याकडं कशी काय?"

"प्लेअरवर होती."

"म्हंजी मारनाऱ्यानं नेलीच नाय?" ते हसायला लागले आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो मॅडम, हीच तर! छप्पन सालची पैली छपाई. हे बघा, मधल्या गुळगुळीत कड्यावर कारागिरानं टोच्यानं अक्षरं खरडलीत. अशा दुनियेत शंभरएक राहिल्या असतील. फर्दापूरच्या विश्रामगृहात एक अमेरिकन पाव्हणा सामान हलकं करायला ठिवून गेलता, तिथनं प्राध्यापकांना घावली, चाळीस वर्सं झाली. परवा जपानात अशीच एक सात लाखाला गेली. एकदम खानदानी माल!"

"आणि पेटीतल्या तबकड्या?"

"ते तवे? काळे, जाड? आजोबाच्या काळातले हो ते. जुन्या बाजारात ढिगानं पडल्यात. हातातून सुटला की फुटला."

मी खुर्चीत नीट बसले. "कृष्णाला हे माहीत होतं?"

"त्याला नसंल तर कुनाला? मागल्या दिवाळीत मीच त्याला म्हनलं, ही एकडाव गुपचूप बाहेर काढ, तुला वर्सभर बसून खाऊ घालतो. भई, त्या दिवसापास्नं त्यानं माझ्या घरचा चहाबी सोडला."

दहा वर्षं ही रेकॉर्ड त्याच्या हाताखाली होती. त्याच दुपारी ती प्लेअरवर समोर फिरत होती. त्यानंच सुई उचलली आणि रेकॉर्ड तिथंच ठेवली. चोरी करायची असती तर कृष्णानं ही नेली असती. पेटी नेली असती ती फक्त अशा माणसानं, ज्याला घरात काहीतरी लाखांचं आहे एवढं ठाऊक होतं आणि ते काय आहे हे ठाऊक नव्हतं.

उजवा तळहात अजून चुरचुरतोय असा भास झाला. आणि एक प्रश्न उरला. वीस वर्षं त्या घरात राबलेल्या दगडाबाईंना हे भंगार लाखांचं आहे, असं कुणी सांगितलं?

४

दगडाबाई पैठणला मुलीकडे गेल्या होत्या. मी आणि निशा शनिवारी सकाळीच तिथं पोचलो. मुलगी मागावर पैठणी विणत होती, दगडाबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. मला बघून त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

"बाई, कृष्णाला सोडा. त्यो मुंगी मारीत नाय."

"सोडेन. आधी मला एक सांगा. त्या पेटीतल्या तबकड्या लाखांच्या आहेत, असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? दिसत्यातच की. साहेबांच्या आईच्या येळंच्या हायेत. लाखंच्या."

"पण बाजारात त्यांना कुणी विचारत नाही. मग लाखांच्या कशा?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, जणू माझंच डोकं बिघडलंय. "बाई, तुमी लाखाऽच्या म्हनायलात. मी लाखंऽच्या म्हनायले."

"तेच ते."

"तेच कसं? नोटा मोजायचं लाख न्हवं. लाख! झाडाची!" त्यांनी वैतागून हात पुढं केला आणि मनगटातल्या जाड, तांबड्या बांगड्या वाजवल्या. "ह्या कशाच्या? लाखंच्याच न्हवं का? तसल्याच त्या तबकड्या. साहेबच सांगायचे, पैल्यांदा लाखंचीच तबकडी असायची, पडली की फुटती."

मी ओसरीच्या कडेला बसले. लाखेच्या. माझी आई लाखेच्या डबीला 'लाखंची डबी' म्हणायची. शाळेच्या दप्तराला मी स्वतः बारावीपर्यंत 'शाळंचं दप्तर' म्हणत होते. दगडाबाई बोलल्या 'लाखंच्या', निशानं पुण्याच्या कानानं ऐकलं आणि टाइप केलं 'लाखांच्या'. तिचं ठीक आहे, तिची ती बोलीच नव्हे. पण कृष्णा माझ्या समोर, माझ्याच तालुक्याच्या बोलीत, दोनदा खरं बोलला होता. आणि मी त्याला त्याच खरं बोलण्यासाठी मारलं होतं.

निशा पांढरीफटक पडली होती. "मॅडम, माझ्यामुळे..."

"तू फक्त लिहिलंस," मी म्हणाले. ह्यापुढं तिला बोलू दिलं नाही. मी दगडाबाईंकडे वळले. जी चूक आमच्या कानांनी केली ती आणखी कुणाच्या तरी कानांनी केली असणार होती. "त्या दिवशी सकाळी तुम्ही ह्या तबकड्यांचं आणखी कुणाशी बोललात?"

"कुनाशी नाय. जावईबापूंचा फोन आलता तेवढा."

"तो साहेबांनी घेतला ना?"

"साहेबांचे हात लिडबिडलेले, साबनाच्या पान्यात. मीच उचलला. म्हनले, साहेब काय करायलेत? म्हनलं, लाखंच्या तबकड्या पुसायलेत, दिवानाखालच्या पेटीत भरायलेत, कुनाला हात लावू देईनात. म्हनले, कुठं पाठवायच्यात का? म्हनलं, आज कृष्णाला देऊन टाकनार हायेत."

"मग?"

"मग जावईबापू लई येळ गप बसले. म्हनले, साहेबांना सांगू नका मी फोन केलता, दुपारी अचानक येतो."

शंतनूनं मला सांगितलं होतं, बाबांशी बोललो.

५

दगडाबाईंच्या एकट्या शब्दावर जावई आत गेला नसता. वकिलानं म्हातारीला बोलीवरूनच उलटीपालटी केली असती. मला शंतनूच्या तोंडून काहीतरी हवं होतं.

दुपारी मी निशाला घेऊन समर्थनगरातल्या घरी गेले; स्वराली आणि शंतनू तिथंच उतरले होते. खोली धुऊन काढली होती, पण दिवाणाजवळच्या फरशीवर काळपट डाग राहिला होता. सर्जेराव भेटायला आले होते, त्यांनाही थांबवून घेतलं. शंतनूची गाडी अंगणात होती. मी टिलमनची रेकॉर्ड कव्हरसकट प्लेअरशेजारी उभी ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी, आणि साध्या आवाजात म्हणाले, "एक चांगली बातमी आहे. प्राध्यापकांची ती लाखांची ठेव सापडली."

सर्जेरावांनी रेकॉर्डकडे बघितलं. निशानं रेकॉर्डकडे बघितलं. स्वरालीनं त्या लाल जिन्याकडे बघून तोंडाला हात लावला, तिला तो लहानपणापासून ओळखीचा होता. शंतनूनं तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याचा हात खिशातल्या किल्लीवर गेला आणि नजर खिडकीतून अंगणात.

"पेटी?" तो म्हणाला. "पण माझ्या गाडीची डिकी तर बंद..."

निशा दाराशी सरकली.

"कुठली पेटी, जावईबापू?" मी विचारलं. "पेटी गेल्याचं मी तुम्हाला बोलले नाही."

तो दाराकडे वळला, तिथं निशा होती. फळीवर तो दुसरा ठोकळा अजून होता. शंतनूनं तो दोन्ही हातांनी उचलला आणि निशाच्या डोक्यावर घातला. ती बाजूला झाली म्हणून वाचली. ठोकळा खांद्यावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज मी स्पष्ट ऐकला. त्यानं पुन्हा हात वर केले. मी त्याच्या कमरेला मिठी मारली, आम्ही दोघं रेकॉर्डच्या फळ्यांवर आदळलो आणि दोन-अडीचशे रेकॉर्ड आमच्या अंगावर कोसळल्या. त्यानं माझ्या मनगटाचा चावा घेतला. मी कोपर त्याच्या तोंडावर हाणलं, दोनदा. पुढचे दोन दात तुटून त्याच्या हनुवटीवर आले, तरी तो पाय झाडत होता. शेवटी सर्जेराव त्यांच्या शंभर किलोंनिशी त्याच्या छातीवर बसले, तेव्हा तो थांबला.

किल्ली स्वरालीनं उचलली. ती अंगणात गेली. डिकी उघडल्याचा आवाज आला. ती परत आली तेव्हा सागवानी पेटी तिच्या दोन्ही हातांत होती. झाकणावर रक्त वाळलेलं होतं.

"मी फक्त पेटी उचलली होती," शंतनू फुटक्या तोंडानं बोलू लागला. "आपल्या हक्काचं ते नोकराला वाटत होते. मी म्हणालो, ही मी नेतो. तर हसले. म्हणाले, अरे, तुला ह्यातलं कळत नाही, तुमच्यासाठी ही ठेवलीय. आणि प्लेअरवर ते भिकारडं सॅक्सोफोन लावलं! मला बसवून ऐकवायला लागले. मी पेटी घेऊन निघालो तर आडवे आले. मी एकदाच मारणार होतो. ते बघतच राहिले माझ्याकडे. म्हणून..."

"शंतनू," मी म्हणाले, "पेटीतल्या तबकड्या लाखेच्या आहेत. बांगड्या करतात ती लाख. लाखांची होती ती प्लेअरवर. ती ते तुम्हाला देत होते."

त्यानं पेटीकडे बघितलं, मग लाल जिन्याकडे. त्याला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यानं सर्जेरावांच्या खाली पडल्या पडल्या फरशीवर स्वतःचं डोकं आपटायला सुरुवात केली. आम्हाला ते धरून ठेवावं लागलं.

स्वरालीनं त्याच्याकडे पाहिलं नाही. पेटी मांडीवर घेऊन ती आतल्या तबकड्या मोजत होती आणि फुटलेले तुकडे वेगळे काढत होती.

६

कृष्णा त्याच संध्याकाळी सुटला. रविवारी मी वरिष्ठांना लेखी दिलं, की संशयिताला मी मारलं, दोनदा, आणि तो खरं बोलत असताना मारलं. निशा गळ्यात हात अडकवून आली होती. म्हणाली, "कान तपासणीच्या कागदात कारण लिहिलेलं नाही, मॅडम. तुम्ही लिहिलं नसतं तर चाललं असतं." मी म्हणाले, चाललं असतं म्हणूनच लिहिलंय. चौकशी लागली, माझी खुर्ची गेली. त्याबद्दल मला कुणी हळहळ दाखवली की अंगावर काटा येतो.

तीन महिन्यांनी कोर्टाच्या परवानगीनं पेटी मिळाली. स्वरालीनं कागदावर सही केली होती, 'बाबांच्या इच्छेप्रमाणे कृष्णा ठोंबरे यांना'. ती पोचवायचं काम मी मागून घेतलं.

मुकुंदवाडीत त्याच्या दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत जुना चावीचा ग्रामोफोन होता. बायकोनं मला बघितलं, काही न बोलता आत गेली आणि दारामागं थांबली. कृष्णा खाली सतरंजीवर बसला होता. मी पेटी त्याच्यासमोर ठेवली आणि शेजारी बसले.

त्यानं एक अखंड तबकडी काढली, सदऱ्याच्या बाहीनं पुसली, मशीनवर ठेवली. खरखरीतून एका बाईचा जुना, उंच आवाज आला. कृष्णानं मान पूर्ण वळवून उजवा कान कर्ण्याला लावला. असं एक मिनिट ऐकलं. मग मान दुसरीकडे वळवली, डावा कान लावला, आणि मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं की तिकडे काहीच नाही. त्यानं सुई उचलून जागेवर ठेवली.

"मुंबईचं काम गेलं," तो म्हणाला. "कोनत्या भिंतीला झीज हाय, ते एका कानाला कळत नाय. बंगळुरूवाल्यांनी अजून दोन पाठवल्यात. दयेनं पाठवल्यात, मला कळतंय. चुकीचं लिहून दिलं तर तेबी बंद व्हईल."

मी गाडीत चार वाक्यं तयार करून आणली होती, शुद्ध आणि नीट. त्यातलं एकही तोंडातून निघेना. "चुकलं माझं," मी म्हणाले.

तो समोर बघत राहिला. मला वाटलं, त्याला बोलायचं नाही. मग त्यानं माझ्याकडे मान वळवली.

"काय म्हनलात का, मॅडम? तुमी डाव्या अंगाला बसल्यात. तिकडचं मला ऐकू येत नाय."

दारामागं बांगड्या वाजल्या. मी उठले. पेटीला वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला गेले, तिथं सतरंजी नव्हती, फरशीवर बसले. आणि तेच पुन्हा म्हणाले, मोठ्यानं, माझ्या आईच्या बोलीत, आतल्या बाईलाही ऐकू जाईल असं. "माझं चुकलं, दादा. तुमी खरं बोलत व्हतात. मला ऐकू आलं नाय."

कृष्णानं तबकडी उचलून पेटीत ठेवली.

"ऐकलं," तो म्हणाला. माफ केलं, असं तो म्हणाला नाही, आणि मीही ते मागितलं नाही.